मोडतोड सप्ताह

गल्लीत तिला सगळे सेनापती म्हणत. सैन्यात होता तो तिचा नवरा, पण त्याला तिथे म्हणत उस्ताद, कारण तो तळावरच्या गाड्यांच्या वर्कशॉपचा प्रमुख होता आणि बंद पडलेल्या ट्रकचं दुखणं नुसत्या आवाजावरून सांगायचा. बंदूक शेवटची कधी हातात धरली, हे त्याला विचार करून सांगावं लागलं असतं. सेनापती मात्र रोज लढायची. कचऱ्याची गाडी न थांबवता पळवणाऱ्या माणसाशी, मागच्या भिंतीतल्या ओलीशी, कॉलेजात जाणाऱ्या लेकीच्या पसाऱ्याशी. आणि हरल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

घर छोटंसंच, पण स्वतःचं. त्याआधीची सगळी वर्षं सरकारी क्वार्टरांत गेली होती. बदली आली की पेट्या भरायच्या, नव्या गावी त्याच पेट्या उलट्या घालून, वर गादी टाकून पाहुण्यांना बसवायचं. पडदे मात्र तिने कधी नवे शिवले नाहीत. खिडकी उंच असली की दुमड उसवायची, बुटकी असली की पुन्हा घालायची. त्या पडद्यांच्या खालच्या काठावर जुन्या दुमडींच्या इतक्या रेघा होत्या की लेक म्हणायची, "आई, हे पडदे नाहीत, बाबांचा सर्व्हिस रेकॉर्ड आहे." लेकीच्या शिक्षणासाठी शेवटी मायलेकी या घरात स्थिरावल्या, आणि उस्ताद लांबच्या, कुटुंब न्यायची सोय नसलेल्या तळावर एकटाच राहू लागला. सुट्टी मिळाली की यायचा.

तर या सेनापतीच्या स्वयंपाकघरात, ओट्याखाली, पिठाच्या डब्यामागे एक पेटी होती. तिच्यात पाने, पक्कड, लहानमोठे स्क्रू ड्रायव्हर आणि वॉशरची पुडी. ही पेटी नवऱ्याला ठाऊक नव्हती, म्हणजे तिची तशी समजूत होती.

पेटीचा इतिहास असा. लग्न नवं होतं, उस्ताद सरावाला गेला होता आणि क्वार्टरमधला नळ एकाएकी तिच्या हातात आला. पाणी छतापर्यंत उडालं. तिने पाइपावर तळहात दाबून धरला आणि भोकाड पसरलं. शेजारच्या क्वार्टरमधली वयाने मोठी बाई धावत आली, मेन कॉक बंद केला आणि ओलीचिंब नवरी मुसमुसत असतानाच तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, मेन कॉक कुठे असतो. दुसरी, निघालेल्या माणसाला 'राहा' म्हणायचं नाही. "तो राहू शकत नाही गं," ती बाई म्हणाली, "आणि तुझा तो शब्द मात्र सोबत घेऊन जातो. मग तिथे त्याचं कामात लक्ष लागत नाही. रडायचं असेल तर बस वळल्यावर रड."

सेनापतीने दोन्ही धडे इतके मनावर घेतले की विचारू नका. नळ, फ्यूज, बिजागऱ्या, पंप, सगळं शिकली. आणि 'राहा' हा शब्द तिने जो गिळला तो गिळलाच. बस वळेपर्यंत हात हलवायची, हसायची, "तब्येतीला जपा, मोजे बदला" एवढंच म्हणायची.

पण या हुशारीने एक घोटाळा झाला. या घरात पहिल्यांदा तो लांब सुट्टीवर आला तेव्हा घरात करायला काही शिल्लकच नव्हतं. उस्ताद बिचारा या खोलीतून त्या खोलीत फिरायचा, खुर्चीच्या कडेवर टेकायचा, वर्तमानपत्र संपलं की जाहिराती वाचायचा. कपडे कपाटात न ठेवता पिशवीतच ठेवायचा. घडी घालून, अगदी चौकोनी. तिने एक फळी मोकळी करून दिली होती, ती मोकळीच राहिली. आणि एके दिवशी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून त्याने विचारलं, "पाणी घेऊ का?"

स्वतःच्या घरात पाणी घेऊ का! पाहुणासुद्धा दुसऱ्या दिवशी असं विचारत नाही. तिने पाणी दिलं, आणि पाठ वळवून कांदा चिरायला घेतला, म्हणजे डोळ्यांचा हिशेब कुणाला द्यावा लागू नये.

त्याच संध्याकाळी खिडकीची कडी आपोआप गळून पडली. उस्तादाच्या चेहऱ्यावर दिवा लागला! बाह्या सरसावून त्याने कडी बसवली, बसवल्यावर चारदा उघडझाप करून दाखवली, रात्री दोन घास जास्त जेवला आणि जेवताना वर्कशॉपच्या गमती सांगत बसला. सेनापतीने काय ओळखायचं ते ओळखलं.

तेव्हापासून रिवाज पडला. बाकीच्या बायका नवरा यायच्या आधी घर आवरतात, ही बिघडवायची. लेकीने त्याला मोडतोड सप्ताह असं नाव ठेवलं होतं. त्याचेही नियम होते. पाणी तुंबेल किंवा विजेचा झटका बसेल असं काही करायचं नाही. रोज सकाळी एकच बिघाड सापडला पाहिजे. आणि आधी सगळं घर तपासून ठणठणीत करायचं, मगच मोजकं काय ते बिघडवायचं, कारण एकदा तिने हौसेने सैल केलेल्या नळाशेजारचा पाइप खरोखरच फुटला होता आणि उस्तादाची निम्मी सुट्टी बादल्या ओतण्यात गेली होती. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्यालाही तिने दम देऊन ठेवला होता, "साहेब सुट्टीवर असताना मला ओळखायचं नाही." तो बिचारा इतका इमानदार, की त्या दिवसांत तिला नमस्कारसुद्धा करत नसे.

या वेळची सुट्टी मात्र निराळी होती. उस्तादाची नोकरीची मुदत संपत आली होती आणि ऑफिसने विचारलं होतं, अजून काही वर्षं वाढवून घेणार की निवृत्त होणार? सुट्टीत असतानाच, शनिवारी दुपारी ऑफिस बंद व्हायच्या आत फोन करून कळवायचं होतं. फोनवर तो हसत हसत म्हणाला, "घरी येतो आणि ठरवतो. घराला माझी कितपत गरज आहे ते तरी बघू."

तो हसला, पण तिचे धाबे दणाणले. फोन ठेवून ती लेकीला म्हणाली, "या वेळेला मोठा कार्यक्रम करायचा. हलणारा पंखा, करकरणारं दार, मोरीचा नळ, मांडणी, सगळं."

"आई, एवढ्यापेक्षा 'घरी या' म्हण की. दोन शब्द, तीन अक्षरं."

"तुला नाही कळायचं ते."

"काय नाही कळायचं?"

"असं म्हणायचं नसतं."

"निघालेल्या माणसाला म्हणायचं नसतं. बाबा तर येतायत."

सेनापतीने तिला कणीक मळायला बसवलं. उत्तर सुचलं नाही की ती कणीक मळायला लावायची. त्या घरात पीठ भरपूर लागे.

शनिवारी फोन, म्हणून शुक्रवारी तो येणार असं गृहीत धरून तिने आखणी केली. बुधवारपर्यंत दुरुस्ती, गुरुवारी मोडतोड. बुधवारी संध्याकाळी घर असं झालं होतं की बघत राहावं. दारं लोण्यासारखी फिरत होती, नळ थेंब म्हणून गाळत नव्हते, मांडणीवर माणूस चढला तरी हलली नसती. हातांना मशीनचं तेल, केसांत जळमट, अशा अवस्थेत ती स्टुलावरून उतरली आणि दार वाजलं.

दारात उस्ताद. खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर धूळ. "सामानाचा ट्रक इकडे येत होता, म्हटलं बसावं त्यात," तो म्हणाला. "दार करकरलं नाही."

"नाही," ती कसंबसं म्हणाली.

त्याने नाक वर करून वास घेतला. "मशीनच्या तेलाचा वास येतोय का?"

"डोक्याला लावलंय," सेनापती म्हणाली. लेकीला खोकल्याची उबळ आली आणि ती आतल्या खोलीत पळाली.

पुढचे दोन दिवस त्या घरात जे चाललं त्याला युद्ध म्हणावं की तमाशा, हे ज्याचं त्याने ठरवावं. उस्ताद सकाळी उठला, अंथरुणाची चौकोनी घडी घातली आणि फेरीला निघाला. मोरीचा नळ उघडला, बंद केला. थेंब नाही. खिडकीची कडी लावली, काढली. मांडणीवर हात ठेवून रेटा दिला. मांडणी ढिम्म. "छान," तो म्हणाला. दुसऱ्या खोलीतही "छान" म्हणाला. मग तो खुर्चीच्या कडेवर टेकला आणि पेपरातल्या जाहिराती वाचू लागला.

ती फडक्यात पाना गुंडाळून मोरीत शिरली. नळाला पाना लावते न लावते, तोच हा दारात. "काय करतेस?"

"नळ पुसतेय."

"पाना घेऊन?"

"फडकं जाड आहे."

तो परत खुर्चीकडे गेला. मग लेकीने मांडणीशी झुंज घेतली. आधी टेकून पाहिलं, मग लोंबकळून पाहिलं, शेवटी मायलेकी दोघी लोंबकळल्या. एक बरणीसुद्धा वाजली नाही. "आई, तू कामं इतकी पक्की का करतेस गं?" लेक धापा टाकत म्हणाली. सेनापतीला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातांचा राग आला.

शुक्रवारी दुपारी उस्ताद जरा आडवा झालेला असताना तिला संधी मिळाली. त्याच्या नेहमीच्या खुर्चीचा मागचा पाय तिने चांगला सैल केला. बसला की डुगडुगेल, मग बाह्या सरसावेल, मग वर्कशॉपच्या गमती निघतील आणि गमतींच्या ओघात निवृत्तीचंही निघेल, असा सगळा बेत. आणि नेमक्या शेजारच्या मावशी उस्तादाची खुशाली विचारायला आल्या. मावशी अंगाने भरदार, स्वभावाने भिडस्त, आणि दिसली ती खुर्ची ओढून बसणाऱ्या. सेनापतीने "ती नको" म्हणेपर्यंत मावशी सावकाश, मोठ्या इतमामाने, मागे मागे जात जमिनीवर पोचल्या होत्या.

मावशींना लागलं नाही. उलट त्याच माफी मागत राहिल्या, "अगोबाई, माझंच वजन वाढलंय." सेनापतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उस्तादाने त्यांना उठवून पलंगावर बसवलं, खुर्ची उलटी केली आणि पाय बसवला. पण त्याआधी त्याने स्क्रू उजेडात धरून नीट पाहिला, स्क्रूच्या डोक्यावरून अंगठा फिरवला आणि नुसतं "हं" म्हणाला. कडीच्या वेळचा तो दिवा काही त्याच्या चेहऱ्यावर लागला नाही. मावशी गेल्यावर तो स्वयंपाकघराच्या दारात आला.

"पाणी घेऊ का?"

इतक्या वर्षांनी तेच वाक्य, तोच सूर. तिने पेला भरून दिला. या वेळी कांदासुद्धा हाताशी नव्हता.

शनिवारी सकाळी त्याने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि फोन घेऊन बाहेरच्या खोलीत बसला. पिशवी पलंगाखाली तशीच होती, तोंड बांधलेली. "ऑफिसला सांगून टाकतो," तो म्हणाला. "इथे सगळं व्यवस्थित चाललंय. घर म्हणजे नुसतं घड्याळ आहे. मी असून नसून सारखाच. तिकडे निदान दोन-चार ट्रक तरी माझी वाट बघतात."

तो हसतच म्हणाला. मात्र सेनापती हातातलं लाटणं तसंच घेऊन बाहेर आली. "थांबा."

"का?"

"मोरीचा नळ."

"बघितला मघाशी. ठीक आहे."

"खिडकी."

"ठीक आहे."

"पंखा आवाज करतो."

दोघांनी वर पाहिलं. पंखा इतका शांत फिरत होता की त्याचाच राग यावा. आतल्या दाराआडून लेकीचं नाक तेवढं दिसत होतं. उस्तादाने फोन कानाला लावला, आणि सेनापतीला घरातली एक एक वस्तू आठवली, एक एक स्क्रू आठवला, आणि प्रत्येक स्क्रू तिने स्वतःच्या हाताने घट्ट बसवलेला होता. बोट दाखवायला जागा उरली नव्हती. सगळ्या स्टँडांवर, सगळ्या वळणांवर गिळलेला शब्द एकदम वर आला, आणि मोजे-बिजे काही मध्ये आलं नाही.

"घरात काही मोडलेलं नाही," ती म्हणाली. "काही म्हणजे काही नाही. तरी राहा."

त्याने फोन खाली घेतला. "परत म्हण."

"राहा म्हटलं!" ती ओरडलीच. "मला तुम्ही घरात हवेत. काम करू नका, बसून राहा, जाहिराती वाचा, पण राहा. एवढ्या वर्षांत कधी म्हटलं नाही मी, कारण ते म्हणायचं नसतं. आता म्हणते."

उस्तादाने शर्टाच्या खिशातून एक स्क्रू काढला आणि टेबलावर ठेवला. खुर्चीचा जुना स्क्रू होता, त्याने दुसरा घातला होता. "हा बघ. हादऱ्यांनी सैल झालेला स्क्रू असा नसतो. त्याच्या खाचेत मळ असतो. याच्या खाचेत ताजी चमक आहे, म्हणजे कुणीतरी नुकताच फिरवलाय. मी जन्मभर दुसरं केलंय काय?"

तिने स्क्रू उचलून उजेडात धरला. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं? कधीपासून?"

"खिडकीची कडी खरीच पडली होती," तो म्हणाला. "त्याच्या पुढचं सगळं तुझं."

दाराआडून लेक फस्सकन हसली.

"मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?"

"तू एवढी मेहनत करून मोडायचीस. माझ्यासाठी दुसरं कोण एवढं करतं?" तो म्हणाला. "पण या खेपेला मुद्दाम लवकर आलो, ट्रकमध्ये पोत्यांवर बसून. तू मोडायच्या आत मला घर बघायचं होतं. बिघाड आहे म्हणून ठेवून घेतलेला माणूस, दुरुस्ती झाली की त्याने जायचं कुठे? ते तर तिकडेही आहेच. सगळं ठणठणीत असताना कुणी मला राहा म्हणतं का, तेवढं बघायचं होतं. दोन दिवस वाट बघतोय. तू लटकलीस, पण बोलली नाहीस."

"लटकलेलं दिसलं?"

"मांडणी आरशासमोर आहे गं."

तिने लाटणं टेबलावर ठेवलं आणि डोळे पुसले. पिठाचा हात गालावर उमटला, पण ते तिला कुणी सांगितलं नाही. उस्तादाने ऑफिसचा नंबर फिरवला. "साहेब, मुदत नको वाढवायला," तो म्हणाला. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो जरा खाकरून म्हणाला, "नाही साहेब, घरी अडचण काहीच नाही. म्हणूनच."

त्याने फोन ठेवला. तेव्हा कुठे सेनापतीला आठवलं की तवा गॅसवर आहे. ती आत धावली, पाठोपाठ जळका वास बाहेर आला, आणि लेकीने खिडक्या उघडायला घेतल्या.

तव्याशी झटापट चालली असताना ती कान देऊन होती. बाहेर पलंगाखालून पिशवी ओढल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. मग पावलं स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली, आणि सवयीने तिचा हात पेल्याकडे गेला.

उस्ताद दारात थांबला नाही. सरळ आत आला, तिच्या खांद्यावरून हात घालून तिचाच पेला उचलला, माठात बुडवला, उभ्याउभ्या घटाघट पाणी प्यायला, आणि रिकामा पेला नको तिथे, कणकेच्या परातीत ठेवून दिला.

"अहो, तो माझा पेला आहे!" सेनापती कडाडली. "आणि ती काय पेला ठेवायची जागा झाली?"

"मग कुठे ठेवायचा?" त्याने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दुसरा पेला भरून घेतला.